दोनशे चौदा रिकामे चौकोन

सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला काय द्यावं, यावर वर्षभर आधीच आमच्या घरी आठवडाभर खल चालला होता. स्वेटर झाला, भिंतीवरचं घड्याळ झालं, गुडघ्यांना शेक देणारं यंत्रही झालं. शेवटी बायकोनेच तोडगा काढला. दादा (म्हणजे माझे सासरे, बायको त्यांना दादा म्हणते म्हणून मीही म्हणतो) ज्या छापखान्यात एकतीस वर्षं शिशाची अक्षरं जुळवणारे कंपॉझिटर होते, तिथली जी माणसं अजून सापडतील त्यांच्याकडून चार-चार ओळी मागवायच्या, त्यांची छोटीशी पुस्तिका छापायची आणि ती दादांच्या हातात ठेवायची.

"छान कल्पना आहे," मी म्हणालो. इथे मी थांबायला हवं होतं. पण मी चहाचा कप खाली ठेवला आणि पुढचं वाक्य बोललो, "पुस्तिकेचं सगळं माझ्यावर सोड."

बायकोने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "फ्यूज बदलतानाही तुम्ही अगदी असंच म्हणाला होतात."

"तो विजेचा प्रश्न होता. हा कागदाचा आहे."

कागद हा माझा प्रांत. मी एका कचेरीत अर्ज तपासणी विभागाचा हेडक्लार्क आहे. चोवीस वर्षं मी लोकांचे अर्ज तपासतो. सगळे चौकोन भरलेले असतील तर अर्ज पुढे, एकही रिकामा असेल तर त्रुटीपत्र जोडून अर्ज परत. माझ्या हाताखालून अपूर्ण अर्ज सुटला असं आजवर घडलेलं नाही. (पूर्ण अर्ज परत गेल्याच्या काही तक्रारी आहेत, पण त्या वेगळ्या फायलीत आहेत.)

आणि खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण दादांनी मला एकदाही शाबास म्हटलेलं नाही. ते मला जावईबापू म्हणतात, अहो-जाहो करतात, आणि मी लिहिलेलं काहीही दिसलं की चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "ओळी सरळ असत्या तर बरं झालं असतं." आमच्या लग्नपत्रिकेत त्यांनी तीन चुका काढल्या होत्या. पहिल्या दोन मजकुरातल्या होत्या. तिसरी त्यांनी नवऱ्यामुलाच्या नावावर बोट ठेवून काढली. तेव्हा एक शाबास, एकच, मला या माणसाकडून हवी होती.

त्यांचा छापखाना औषधांच्या बाटल्यांसोबत घडी घालून ठेवतात ती पत्रकं छापायचा. औषधं जगभर जायची, म्हणून पत्रकंही दहा-बारा भाषांत, आणि ती जुळवणारी माणसंही तितक्याच ठिकाणांहून आलेली. बायकोने आठ महिने खटपट करून त्यांतली पाच शोधून काढली. मशीनवरचे काका, बाइंडर, मालकांची मुलगी, पॅकिंगमधल्या थाई बाई आणि उजव्या.

"हा उजव्या कोण?" मी विचारलं.

बायकोने माझ्यासमोरची खुर्ची ओढली. मग म्हणाली, "दादांचा जोडीदार. अरबी जुळवायचा, म्हणजे उजवीकडून डावीकडे. दादा आपल्या बाजूने, डावीकडून उजवीकडे. दोघं एका टेबलाला खांदा लावून उभे असायचे, म्हणून तो उजव्या आणि दादा डाव्या. मग एकदा पत्रकाचं अरबी पान चौकटीत उलटं बसवलं गेलं. अठरा हजार प्रती छापून झाल्यावर कळलं. मालकाने विचारलं कोणी बसवलं, तर दोघंही बोलले नाहीत. आठ दिवसांत उजव्या नोकरी सोडून आपल्या गावी निघून गेला. बावीस वर्षं झाली. दादा त्याचं नाव काढत नाहीत, पण दर वाढदिवसाला पोस्टमन येऊन गेला की विचारतात, काही आलं का?" तिने माझ्याकडे पाहिलं. "अहो, बाकी काही चुकलं तरी चालेल. उजव्याकाकांचं पान चुकता कामा नये."

मी छातीवर हात ठेवला. (हा हात मी नको त्या वेळी ठेवतो, असं माझं निरीक्षण आहे.)

सगळे मेल माझ्याकडे आले. जेवणाच्या सुट्टीत मी कचेरीतल्या कॉम्प्युटरवर पाचही मजकूर एका फायलीत घेतले आणि फॉन्टची यादी उघडली. ती यादी पाहून मी थक्क झालो. जन्मभर मी समजत होतो की 'अ' म्हणजे 'अ'. आणि इथे एकाच 'अ'चे शेकडो अवतार: कोणी गलेलठ्ठ, कोणी काडीसारखा, कोणी छाती काढून उभा, कोणी आळसावून रेललेला. कोणीतरी हे एकेक अक्षर बसून काढलं होतं! मी डबा उघडायचा विसरलो. शेवटी एक फॉन्ट मला असा भावला की बस. भारदस्त, रुबाबदार, न्यायाधीशाच्या खुर्चीत शोभेल असा. मी सगळा मजकूर एका झटक्यात निवडला आणि त्याला तो फॉन्ट चढवला. पाचही माणसांना एकच गणवेश, म्हणजे शिस्त.

मशीनवरच्या काकांच्या ओळीतली जोडाक्षरं थोडी विस्कटली. त्यांच्या 'ज्येष्ठ'चे चार तुकडे चार दिशांना गेले होते. थाई बाईंच्या अक्षरांच्या डोक्यावरच्या खुणा शेजारच्या अक्षरांच्या डोक्यावर जाऊन बसल्या. मी म्हटलं, नवीन फॅशन असेल. पण उजव्यांच्या पानावर आलो आणि माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. त्या पानावर नुसते चौकोन होते. छोटे, सारख्या मापाचे, ओळीने मांडलेले, आणि सगळे रिकामे.

आता तुम्ही सांगा, चोवीस वर्षं अर्ज तपासलेल्या माणसाला रिकामे चौकोन दिसले तर तो काय समजेल? मी तेच समजलो. या गृहस्थाने एका चौकोनात एक अक्षर लिहायचं म्हणून सुरेख चौकोन आखले, आणि भरायचे विसरून तसेच पाठवले. वय झालेलं आहे, होतं असं. मला त्यांची दयाच आली. मी चौकोन मोजले. दोनशे चौदा. मग नियमाप्रमाणे ते मोठ्या आकारात चार कागदांवर छापून घेतले, खाली अर्जदाराची सही आणि दूरध्वनी क्रमांक यांचे रकाने आखले (हे रकाने नसलेला कागद माझ्या हातून बाहेर जात नाही), आणि वर इंग्रजीतून त्रुटीपत्र जोडलं:

'महोदय, आपण सादर केलेल्या शुभेच्छा तपासल्या असता सर्व दोनशे चौदा चौकोन रिकामे आढळून आले. तरी सोबतचे चौकोन शाईने भरून परत करावेत. एका चौकोनात एकच अक्षर लिहावे. खाडाखोड करू नये. विलंब झाल्यास शुभेच्छा विचारात घेतल्या जाणार नाहीत.'

बायकोच्या यादीतल्या पत्त्यावर ते रजिस्टर पोस्टाने रवाना केलं. फायलीतलं ते अपूर्ण पान काढून टाकलं. मूळ मेलही काढून टाकला, कारण परत गेलेला अर्ज दप्तरी ठेवायचा नसतो. दर शनिवारी मी कॉम्प्युटरची कचरापेटी रिकामी करतो, ती त्याही शनिवारी केली. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "उजव्याकाकांचं आलं ना?"

"प्रक्रियेत आहे," मी म्हणालो.

महिन्याभराने मी फाइल घेऊन छपाईच्या दुकानात गेलो. बायको बरोबर होती. दुकानात दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर, कागदाची रिमं आणि डीटीपीच्या बाई. वय तिशीचं, केसांत पेन्सिल खोवलेली, बोलणं सडेतोड. त्यांनी माझी फाइल उघडली आणि पेन्सिल केसांतून काढून हातात घेतली.

"काका, हे कोणी केलं?"

"मीच," मी नम्रपणे म्हणालो.

"सगळ्या भाषांना एकच फॉन्ट?"

"शिस्त म्हणून."

"काका, प्रत्येक फॉन्टकडे प्रत्येक भाषेची अक्षरं नसतात. या फॉन्टला फक्त इंग्रजी धड येतं. आपली अक्षरं त्याच्याकडे आहेत, पण त्यांना जोडायचं कसं ते त्याला शिकवलेलं नाही. थाईच्या खुणा कुठे बसवायच्या तेही नाही. आणि नुसतं अक्षर दिसलं म्हणून फॉन्ट चांगला असं नसतं. आधी त्या भाषेतला सगळ्यांत अवघड शब्द टाकून बघायचा. तो नीट आला तर पुढे जायचं."

मग त्यांनी माझ्यासमोर काम सुरू केलं, आणि मी आ वासून पाहत राहिलो. आपल्या मजकुराला एक फॉन्ट दिला आणि 'ज्येष्ठ'चे विखुरलेले तुकडे धावत येऊन एकमेकांच्या गळ्यात पडले. थाईला दुसरा दिला, डोक्यांवरच्या खुणा आपापल्या घरी परतल्या. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी पट्टी लावली. एका लिपीचा आकार कणभर वाढवला, दुसरीची जाडी कमी केली. "शेजारी बसवायची तर एक ओरडतेय आणि एक कुजबुजतेय असं वाटायला नको," त्या म्हणाल्या. माझ्या अंगावर काटा आला. अहो, मी चोवीस वर्षं कागदावर नजर खिळवून बसलो होतो, आणि अक्षरांना आवाज असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं!

"आणि अरबी?" बायको म्हणाली. "अरबी दाखवा ना."

बाईंनी नमुन्यादाखल एक अक्षर टाइप केलं. एकटं असताना ते ऐसपैस बसलं होतं. पुढे दुसरं आलं तसं त्याने अंग चोरलं आणि हात पुढे केला. मागे तिसरं आलं तर मध्ये उभं राहून दोन्हीकडे हात दिले. एकच अक्षर, पण शेजारी कोण आहे ते पाहून चार रूपं घेणारं. "ज्या फॉन्टला हे येत नाही तो ही अक्षरं सुटी-सुटी मांडतो," बाई म्हणाल्या. "आणि ज्याच्याकडे ती मुळातच नाहीत, तो नुसते रिकामे चौकोन दाखवतो."

मी खुर्चीत ताठ झालो. "चौकोन?"

"हो. चौकोन म्हणजे अक्षर आत आहे, पण या फॉन्टकडे त्याचं चित्र नाही. घाबरायचं नसतं. फॉन्ट बदलला की मजकूर जसाच्या तसा दिसतो."

"म्हणजे," माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, "ते चौकोन... भरलेले असतात?"

"काठोकाठ," बाई म्हणाल्या.

बायको हळूहळू माझ्याकडे वळली. एकवीस वर्षांच्या संसारात तिला माझा चेहरा वाचायला फॉन्ट लागत नाही. "अहो, उजव्याकाकांचं पान कुठे आहे?"

मी सगळं सांगितलं. सांगताना त्रुटीपत्राचा विषय आला तेव्हा डीटीपीच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. 'विलंब झाल्यास' आलं तेव्हा त्या आतल्या खोलीत निघून गेल्या, आणि आतून खोकल्यासारखा आवाज बराच वेळ येत राहिला. बायको मात्र हसली नाही. तिने पर्स उचलली आणि ती दुकानाबाहेर पडली.

रस्त्यात एका दुकानाच्या पायरीवर ती थांबली. "बावीस वर्षांनी त्या माणसाने तोंड उघडलं," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्यांना लिहिलंत की तुमचं कोरं आहे."

मला खरोखर लाज वाटली. अशी लाज मला चोवीस वर्षांच्या नोकरीत वाटली नव्हती, आणि तिथे संधी काही कमी नव्हत्या. आम्ही उजव्यांना दोन मेल केले, माफी मागितली, मजकूर पुन्हा पाठवा म्हटलं. उत्तर नाही. वाढदिवसाला बारा दिवस उरले होते. पुस्तिकेत त्यांच्यासाठी एक पान कोरं ठेवून बाकीची छपाई सुरू करायची असं ठरलं.

त्या रविवारी मी दादांच्या खोलीत गेलो. कबुली द्यायचीच असं ठरवून गेलो होतो. खिडकीपाशी बसून ते फडक्याने एक लोखंडी पट्टी पुसत होते. हातात मावेल एवढी, तीन बाजूंनी काठ असलेली. कंपॉझिटरची स्टिक, खिळे म्हणजे शिशाची अक्षरं ओळीने जुळवायची. तिच्या पाठीवर कोणीतरी टोकदार वस्तूने दोन अरबी अक्षरं कोरली होती.

"दादा, तुम्हाला अरबी यायचं?" मी धीर करून विचारलं.

"भाषा नाही यायची. अक्षरं यायची." त्यांनी हात पुढे केला आणि डोळे मिटले. "केसमध्ये कुठला खिळा कुठल्या खणात, ते हाताला माहीत. तेही उलटं, आरशात दिसतं तसं. तो रजेवर असला की त्याची पत्रकं मीच जुळवायचो. काय लिहिलंय ते कळायचं नाही, पण चुकलं तर दिसायचं." मिटल्या डोळ्यांनी त्यांची बोटं हवेत कुठकुठल्या खणांतून खिळे उचलत होती, उजवीकडून डावीकडे, न अडखळता. बावीस वर्षांत त्या खणांना हात लागला नव्हता, आणि बोटं एकदाही चाचपडली नाहीत. मी बघतच राहिलो. मग ते एकदम हसले, जे ते सहसा करत नाहीत. "मुकादमाची टवाळी करायची असली ना, की आम्ही दोघं आपली भाषा अरबी अक्षरांत जुळवायचो. मुकादमाला वाटायचं, औषधाचं चाललंय. अरबीत आपला प नाही, च नाही, ड नाही. त्यांच्यासाठी आम्ही खुणा ठरवल्या होत्या. टिंबं द्यायचो."

"मग त्यांना कधी पत्र..."

हसू गेलं. "आता डोळेही पूर्वीचे राहिले नाहीत, जावईबापू," ते म्हणाले आणि स्टिक कपाटात ठेवून आले. कबुली द्यायची राहूनच गेली.

पुस्तिकेचं शेवटचं काम करायला मी एकटाच दुकानात गेलो. बाईंनी सगळी पानं दाखवली. इतकं देखणं काम मी पाहिलं नव्हतं. चार माणसं, दोन लिप्या, आणि एकाच घरातली भावंडं शोभावीत अशी पानं. शेवटच्या पानावर लहानशा साध्या अक्षरांत होतं, 'संकलन व मांडणी', आणि खाली माझं नाव.

"थोडं साधं वाटतंय," मी म्हणालो.

"साधंच बरं दिसतं, काका," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून बाहेर गेल्या.

(इथे वाचकांनी मला हाक मारायला हवी होती.) समोर यादी उघडीच होती. एक फॉन्ट असा होता की त्याच्या नावातच मुकुट असावा. नमुन्याच्या इंग्रजी अक्षरांना वेलबुट्ट्या, झुपके, झालरी. मी माझं नाव निवडलं, तो फॉन्ट चढवला, यादीत फॉन्टचं नाव उमटलेलं पाहिलं, आणि बाईंची पावलं ऐकू आली म्हणून घाईने पान बंद केलं. त्या म्हणाल्या, "पाठवू छपाईला?" मी म्हणालो, "बेलाशक."

वाढदिवसाच्या सकाळी पुस्तिकांचं पाकीट आलं. त्यावर डिंकाची पट्टी होती, ती दादांनीच उघडायची असं ठरलं होतं. घरात सगळे जमले होते, पण माझं लक्ष दाराकडे होतं. दादांचंही होतं. बायकोचंही होतं. तिघंही एकमेकांना दिसणार नाही अशा बेताने दाराकडे बघत होतो. अकरा वाजून गेल्यावर पोस्टमन आला आणि माझ्या नावाचं जाडजूड रजिस्टर पाकीट देऊन गेला.

बायकोनेच ते फोडलं. आतून माझेच चार कागद निघाले. त्यावर माझेच दोनशे चौदा चौकोन होते, आणि प्रत्येक चौकोनात काळ्या शाईने एक-एक अक्षर बसवलेलं होतं. सुटं, मोठं, ठळक. कुठेही खाडाखोड नव्हती.

"अरबीच आहे," बायको रडवेल्या आवाजात म्हणाली. "वाचणार कोण आता?"

"आण इकडे," दादा म्हणाले.

त्यांनी भिंग घेतलं. कागद खिडकीकडे धरला आणि उजव्या टोकावर बोट ठेवलं. ओठ हलायला लागले. "द... वर आमची खूण... ड. डा. मग व. मग..." बोट थांबलं. "डाव्या," दादा म्हणाले.

ती परकी, वळणदार अक्षरं एकेक करून त्यांच्या बोटाखालून जात होती, आणि त्यांच्या तोंडून आमची बोली बाहेर पडत होती. मी आयुष्यात पुष्कळ कागद पाहिले, पण कागद बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते मी पुसलंही नाही.

'डाव्या, ते पान मी उलटं बसवलं होतं,' दादा वाचत होते. 'मालकासमोर बोलायचा धीर झाला नाही. तुझ्यावरही संशय आला, तो माझ्यामुळे. निघायच्या घाईत तुझी स्टिक माझ्या पिशवीत आली, माझी तुझ्याकडे राहिली. तुझी रोज पुसून ठेवतो. ऐंशीचा झालास. आता तरी बोल.'

शेवटच्या चौकोनाखाली, समासात, बारीक अक्षरांत आणखी काही होतं. दादांनी भिंग जवळ नेलं. 'हेच मी आधी कॉम्प्युटरने पाठवलं होतं. तुझ्या जावयाने ते पोकळ करून परत धाडलं. माझी नात म्हणाली, मेलने पुन्हा पाठवा. मी म्हटलं, पुन्हा पोकळ होईल. मोजून पाहिलं तर माझीच दोनशे चौदा अक्षरं, एकही कमी नाही. माणूस विचित्र आहे, पण मोजणी चोख आहे.' (हे शेवटचं वाक्य मी दादांकडून दोनदा वाचून घेतलं.)

दादांनी चारही कागद नीट जुळवून मांडीवर ठेवले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "साफ खोटं लिहितोय लेकाचा. ते पान मी बसवलं होतं. त्यालाही माहीत आहे ते." आणि आमच्या सगळ्यांच्या देखत, ऐंशी वर्षांचा तो करडा माणूस लहान मुलासारखा रडला.

"अक्षरं अशी सुटी आणि मोठी नसती तर एवढं सगळं मला वाचताच आलं नसतं," डोळे पुसत ते म्हणाले. "हे चौकोन कोणी आखले?"

"यांनी," बायको म्हणाली. आणि तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर फ्यूजच्या आधीच्या काळातली होती.

कागदाच्या तळाशी, दूरध्वनी क्रमांकाच्या माझ्या रकान्यात, उजव्यांनी नियमाप्रमाणे क्रमांक भरला होता. तो लावला. पलीकडून आवाज आला आणि पहिल्या मिनिटातच भांडण जुंपलं.

"पान मी बसवलं होतं!" दादा ओरडले.

"तू कशाला बसवशील? मी बसवलं!" पलीकडून तितक्याच जोरात आलं.

"अरे, माझ्या हातातली चौकट होती!"

"डाव्या, तुला तेव्हाही काही आठवायचं नाही!"

पाऊण तास हे चाललं. दोघंही गुन्हा सोडायला तयार नव्हते. शेवटी अर्धं पान एकाने आणि अर्धं दुसऱ्याने उलटं बसवलं, अशी तडजोड झाली आणि उद्या पुन्हा भांडायचं ठरलं.

मग दादांनी पुस्तिकांचं पाकीट फोडलं. उजव्यांचे कागद मी घडी घालून कोऱ्या पानावर चिकटवून दिले. दादा भिंग घेऊन पानापानावरून फिरले. जोडाक्षरांवर थांबले, थाईच्या खुणा पाहिल्या, दोन लिप्यांमधल्या जागेवर अंगठा ठेवून माप घेतलं. चष्मा कपाळावर गेला नाही. "काम चोख आहे," ते पुटपुटले. मी जवळ सरकलो. ओळी सरळ होत्या. एकवीस वर्षं जिची वाट पाहिली ती शाबास आता दोन पानांवर आली होती. दादांनी शेवटचं पान उलटलं.

त्यावर लिहिलं होतं, 'संकलन व मांडणी', आणि त्याखाली, मधोमध, नऊ रिकामे चौकोन.

त्या शाही फॉन्टकडे आमच्या भाषेचं एकही अक्षर नव्हतं. दादांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. भिंगाने चौकोन एकेक करून मोजले. मग खिशातून पेन काढून टोपण उघडलं आणि पुस्तिकेसकट माझ्या हातात दिलं.

"जावईबापू, तुमचा अर्ज अपूर्ण आहे," ते म्हणाले. "भरून द्या. एका चौकोनात एकच अक्षर, आणि खाडाखोड करू नये."

मी तिथेच खुर्ची ओढून बसलो, सगळं घर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होतं, आणि पहिल्याच चौकोनात माझ्या हातून खाडाखोड झाली.